वाघ, परकोट आणि गोळ्यांचा डबा

दिवाळी सरून हवेत गारवा आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास कानी पडतो. रक्तदाब मोजून झालेला असतो, औषधांची चिठ्ठी हाती पडलेली असते, आणि उठता उठता साठी-सत्तरीच्या घरातील गृहस्थ किंवा बाई जरा संकोचाने विचारतात, "डॉक्टर, आम्ही काही जुने मित्रमैत्रिणी ताडोबाला जायचे म्हणतोय. गेले तर चालेल ना?"

बहुतेकांना माझे उत्तर 'जरूर जा' असेच असते. मात्र त्यापाठोपाठ मी एक उलट प्रश्न विचारतो, "तुमचे आजार त्या मित्रांना ठाऊक आहेत का?" या प्रश्नावर बहुधा खोलीत शांतता पसरते.

ही शांतता समजून घेण्यासारखी आहे. तीस-चाळीस वर्षे एकाच कार्यालयात किंवा एकाच शाळेत काढलेल्या माणसांना परस्परांच्या आयुष्यातील बारीकसारीक गोष्टी माहीत असतात. कोणाच्या मुलीचे लग्न कसे जमले, कोणाचे घर किती वर्षे रखडले, हे सारे तोंडपाठ असते. पण एखाद्याच्या हृदयात दोन स्टेंट बसवलेले आहेत, कोणाला दर तासाला लघवीला जावे लागते, कोण रात्री झोपेची गोळी घेतल्याशिवाय झोपू शकत नाही, हे मात्र कोणी सांगत नाही. कुटुंबासोबत प्रवास असला की गोळ्यांचा डबा सून भरते, पाण्याची आठवण मुलगी करते. मित्रांसोबत निघालेला प्रत्येक जण पुन्हा पंचविशीतला होतो आणि त्या पंचविशीत आजारांना जागा नसते. मग जिप्सीत अडचण नको म्हणून कोणी लघवीची गोळी टाळतो, कोणी पहाटेपासून पाण्याचा घोटही घेत नाही, तर कोणी छातीतली कळ 'पित्त असेल' म्हणून गिळून टाकतो. अशा सहलीत खरा धोका वाघापासून नसतो. तो या लपवाछपवीपासून असतो आणि तो टाळणे पूर्णपणे तुमच्या हाती आहे.

जागा आणि ऋतू

ज्यांना वाघही पाहायचा आहे आणि थोडा इतिहासही अनुभवायचा आहे, अशा ज्येष्ठांना मी चंद्रपूर परिसर आवर्जून सुचवतो. ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान. त्याची घोषणा १९५५ साली झाली. पुढे १९८६ मध्ये अंधारी अभयारण्य अस्तित्वात आले आणि १९९५ मध्ये या दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. साग आणि बांबूचे हे शुष्क पानगळीचे जंगल आहे. २०२२ च्या व्याघ्रगणनेत महाराष्ट्रातील वाघांची संख्या ४४४ इतकी अंदाजली गेली आणि त्यांतील मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा आहे. जंगलापासून तासाभराच्या अंतरावर गोंड राजांची जुनी राजधानी, तिचा परकोट आणि मंदिरे आहेत. डोंगरी किल्ल्यांसारखी शेकडो पायऱ्यांची चढण येथे नाही. गुडघ्यांनी असहकार पुकारलेल्या वयात ही लहान गोष्ट नव्हे.

प्रश्न येतो तो ऋतूचा. 'वाघ पाहायचा तर एप्रिल-मे मध्येच' असे सर्रास सांगितले जाते आणि त्यात तथ्य आहे. पानगळ झालेली असते, पाणवठे आटलेले असतात आणि उकाड्याने त्रासलेला वाघ उरलेल्या पाण्यात येऊन बसतो. पण त्याच दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. उतारवयात तहानेची जाणीव मंदावते, घाम कमी येतो आणि रक्तदाबाच्या, लघवीच्या व मानसिक विकारांच्या काही औषधांमुळे शरीराची उष्णता सोसण्याची क्षमता आणखी घटते. उघड्या जिप्सीतल्या दुपारच्या फेरीत उष्माघात व्हायला फार वेळ लागत नाही.

म्हणून पासष्टीपुढील, तसेच हृदय, मूत्रपिंड किंवा मेंदूच्या विकाराचा इतिहास असलेल्या व्यक्तींनी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने निवडावेत. या दिवसांत झाडी दाट असते, वाघ दिसण्याची शक्यता थोडी कमी होते, हे मान्य करूनच निघावे. वाघाची हमी उन्हाळ्यातही कोणी देऊ शकत नाही. मित्रांपैकी एकाची प्रकृती उन्हाला तोंड देण्याजोगी नसेल, तर सर्वांनी हिवाळ्यात जावे. सहलीचा ऋतू गटातील सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाकडे पाहून ठरवावा, हा माझा पहिला नियम.

हिवाळ्याचीही स्वतःची पथ्ये आहेत. विदर्भातील डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे उघड्या गाडीत वारा हाडांपर्यंत पोहोचतो. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, हृदयावरचा ताण वाढतो. एका जाड कोटापेक्षा एकावर एक तीन कपडे, कानटोपी, हातमोजे आणि मांडीवर घ्यायला एक शाल अधिक उपयोगी पडते, कारण ऊन वर आले की ती एकेक करून उतरवता येतात. दमा असणाऱ्यांनी नाकातोंडावर सुती रुमाल बांधावा आणि इनहेलर बॅगेत नव्हे, वरच्या खिशात ठेवावा. एका गाडीमागे दुसरी गाडी चालली की उडणारी धूळ श्वासनलिकांना चटकन चिडवते.

निघण्यापूर्वी घरची तालीम

नाटकाची तालीम असते, तशी या सहलीचीही असावी. निघण्याच्या सहा आठवडे आधीपासून रोज अर्धा तास चालण्यास सुरुवात करा. दोन मजले न थांबता, छातीत न दुखता, धाप न लागता चढता येत असतील तर बहुतेकांची प्रकृती या प्रवासाला पुरेशी आहे असे ढोबळमानाने समजण्यास हरकत नाही. गुडघ्यांमुळे जिने चढता येत नसतील, तर सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटे सलग चालून पाहा.

त्यानंतर एके दिवशी सफारीचीच तालीम करा. पहाटे साडेचारला उठा, नेहमीचे आवरा, एक कप चहा घ्या आणि सहा ते दहा या वेळात घरातच खुर्चीवर बसून राहा. किती वेळा उठावे लागले? साखर कुठे उतरली? कंबर कधी धरली? ज्या गोष्टी जंगलात उमगल्या असत्या, त्या घरी उमगतात आणि त्यांवर डॉक्टरांशी शांतपणे बोलता येते.

काही जणांनी मात्र यंदाचा बेत पुढे ढकलावा. अलीकडेच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, थोड्याशा श्रमानेही छातीत दुखत असेल, झोपल्यावर धाप लागत असेल, मणक्याचे हाड नुकतेच मोडले असेल, किंवा डोळ्यांची शस्त्रक्रिया होऊन थोडेच आठवडे झाले असतील, तर तुमच्या तज्ज्ञ डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याखेरीज निघू नका. जंगल पुढच्या वर्षीही तेथेच असेल.

जिप्सीतले चार तास

सफारी म्हणजे उघड्या गाडीत सुमारे चार तास बसणे. चालक व गाइड यांच्याशिवाय सहा पर्यटक असतात. ठरलेल्या जागेवाचून गाडीतून उतरण्यास सक्त मनाई असते आणि ती जागा केव्हा येईल हे आधी सांगता येत नाही. या चार तासांत तीन गोष्टी ज्येष्ठांना छळतात. लघवी, साखर आणि पाठ.

लघवीविषयी प्रथम बोलू, कारण त्याविषयी कोणीच बोलत नाही. फ्युरोसेमाइडसारखी लघवीची गोळी घेतल्यावर अर्ध्या-एक तासात तिचा परिणाम सुरू होतो आणि काही तास टिकतो. ती पहाटे घेऊन जिप्सीत बसणे म्हणजे स्वतःची कोंडी करणे. पण ती परस्पर टाळणेही हृदयविकाराच्या रुग्णाला महागात पडते. पायांवर सूज आणि छातीत पाणी चढायला दोन दिवस पुरतात. मधला मार्ग साधा आहे. सफारीच्या दिवशी ही गोळी परतल्यानंतर घेता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे. मधुमेहावरील डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या औषधांनीही लघवी वाढते आणि पाणी कमी प्यायल्यास शरीर लवकर कोरडे पडते, तेव्हा त्यांच्याविषयीही विचारा. चहा-कॉफी एका कपावर थांबवा, पण पाणी बंद करू नका. प्रवेशद्वारावर पोहोचल्यावर लघवीची भावना असो वा नसो, एकदा जाऊन या. वाटेत प्रसाधनगृह कोठे आहे ते निघण्यापूर्वीच गाइडला विचारा. हा प्रश्न त्याला नवा नसतो. ज्यांना नियंत्रण राहत नाही, त्यांनी प्रौढांसाठीचे डायपर वापरण्यात कसलाही कमीपणा मानू नये. चष्मा आणि कवळी वापरतो, तसेच हे.

प्रोस्टेटचा त्रास असलेल्या पुरुषांना एक विशेष इशारा. सर्दीच्या आणि गाडी लागू नये म्हणून घेतल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी लघवी पूर्ण अडकू शकते. याच गोळ्यांनी वयस्कांना गुंगी येते, तोंड कोरडे पडते आणि कधी कधी भ्रमही होतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने त्या घेऊ नका.

दुसरी गोष्ट साखरेची. घरी सकाळची इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी न्याहारीच्या जोडीने घेतली जाते. सफारीच्या दिवशी मात्र सवयीने ती पहाटे पाचला घेतली जाते आणि न्याहारी दहा-अकराला होते. मधल्या काळात साखर धोकादायकरीत्या उतरते. हे औषध न्याहारीबरोबरच असावे, घड्याळाबरोबर नसावे. त्या दिवसांचे वेळापत्रक डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. दरदरून घाम, हातांना कंप, चिडचिड, असंबद्ध बोलणे ही साखर उतरल्याची लक्षणे. काही रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे धडधड आणि कंप जाणवत नाहीत, घाम मात्र येतो, हे लक्षात ठेवा. साखर ७० च्या खाली गेली, अथवा यंत्र जवळ नसताना नुसती शंका आली, तरी तीन चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, आणि बरे वाटल्यावर काही खाण्यास द्यावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. जंगलात खाण्यापिण्यावर बंधने असतात, म्हणून मधुमेहासाठी ग्लुकोज जवळ बाळगत असल्याचे गाइडला आधी सांगून ठेवा. इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका आणि बर्फालाही लागू देऊ नका.

तिसरी गोष्ट पाठीची. जिप्सीतली मागची बाक चाकांच्या वर असते आणि कच्च्या रस्त्यावरील प्रत्येक खड्डा तिथल्या माणसाला उडवतो. हाडे ठिसूळ झालेल्या व्यक्तीचा, विशेषतः रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांचा मणका अशा एका दणक्यानेही दबू शकतो. वयाने मोठ्या आणि पाठीच्या तक्रारी असलेल्या मंडळींनी पुढची बाक घ्यावी. सर्वांत ठणठणीत मित्राने मागे बसावे. कमरेमागे लहान उशी ठेवावी, एक हात सतत दांडीवर असावा, आणि वाघ दिसला तरी गाडी पूर्ण थांबल्यावाचून उभे राहू नये. दणक्यानंतर पाठीत अचानक तीव्र वेदना सुरू झाली आणि विश्रांतीनेही ती ओसरली नाही, तर 'लचक भरली' म्हणून मालिश करून न घेता एक्स-रे काढून घ्यावा.

आणखी दोन शब्द कान आणि डोळे यांविषयी. जंगलात वाघ आधी ऐकू येतो. वानराचा खाकरल्यासारखा आवाज, चितळाची तीक्ष्ण हाक, आणि मग सारे रान स्तब्ध. श्रवणयंत्र असेल तर ते नव्या बॅटरीसह लावा. गाइड कुजबुजत सांगतो. ते ऐकू न आल्याने एखादा मित्र मोठ्याने 'काय म्हणाला?' असे विचारतो आणि बाकीचे त्याच्यावर वैतागतात. त्याऐवजी शेजारी बसणाऱ्याने खांद्यावर हात ठेवून बोटाने दिशा दाखवावी, असे आधीच ठरवून टाका. चष्म्याला मागे दोरी बांधा.

मंगळवार इतिहासाचा

ताडोबातील सफारी मंगळवारी बंद असते. बेत आखताना हा मंगळवार मधोमध येईल असे पाहा, कारण ज्येष्ठांच्या शरीराला तेवढी उसंत हवीच असते. माझा दुसरा नियम असा की एका दिवशी एकच सफारी. सकाळची केली तर दुपारी झोप, दुपारची करायची तर सकाळी आराम. चार-पाच दिवसांत तीन सफारी पुरेशा आहेत.

मोकळा दिवस चंद्रपूर शहराला द्यावा. गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा याने बल्लारपूरहून येथे राजधानी हलवली, असे परंपरा सांगते. शहराभोवतीचा परकोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार मुख्य दरवाजे. २०१७ मध्ये शहरातील स्वयंसेवकांनी या तटावर माजलेली झाडेझुडपे काढून तो स्वच्छ करण्याचे काम हाती घेतले, तेव्हा त्याचे मूळ रूप पुन्हा डोळ्यांना दिसू लागले. परकोट सबंध चालण्याचा हट्ट धरू नका. एखाद्या दरवाजापाशी वाहनातून उतरावे, सावलीत उभे राहून दगडात कोरलेली शिल्पे पाहावीत आणि पुढच्या दरवाजाकडे वाहनानेच जावे.

अंचलेश्वर मंदिराच्या परिसरात गोंड राजांच्या समाध्या आहेत. त्यांतील बीरशहाची समाधी त्याची पत्नी राणी हिराई हिने उभारली. पतीच्या पश्चात अठराव्या शतकाच्या आरंभी राज्याचा कारभारही तिने पाहिला. जवळच महाकालीचे मंदिर आहे. चैत्रात तेथे मोठी यात्रा भरते. त्या गर्दीच्या दिवसांत ज्येष्ठांनी जाणे टाळावे. नागपूरकडे जाताना वाटेत भद्रावतीला टेकडीत कोरलेली विजासनची बौद्ध लेणी लागतात. आत अंधार असतो, म्हणून हाती विजेरी ठेवा आणि उजेडातून अंधारात शिरताना क्षणभर थांबा. वयपरत्वे डोळे अंधाराला सरावण्यास अधिक वेळ घेतात आणि पडण्याचे अपघात नेमके त्याच क्षणात होतात.

इतिहास जंगलाच्या आतही आहे. मोहर्लीहून ताडोबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला उंच दगडी खांब उभे दिसतात. ते गोंड राजवटीतले मानले जातात. तलावाकाठी तारू देवाचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मरण पावलेला गावचा प्रमुख येथे देव झाला, अशी आदिवासींची श्रद्धा आहे आणि ताडोबा हे नाव त्याच्यावरूनच आले असे सांगतात. वाघ न दिसताही एखादी सफारी रिकामी जात नाही, ती यामुळे.

संध्याकाळ, रात्र आणि पहाट

मित्रांच्या सहलीत संध्याकाळची बैठक रंगते. मद्य घेणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे की मधुमेहाच्या औषधांसोबत घेतलेल्या मद्याने साखर कित्येक तासांनी, म्हणजे नेमकी पहाटेच्या सफारीच्या सुमारास उतरू शकते. झोपेच्या गोळीबरोबर मद्य तर कधीच नको. नऊ-साडेनऊला जेवण आटोपून झोपलेला माणूसच पहाटे साडेचारला ताजा उठतो.

परक्या खोलीत रात्री लघवीला उठताना पडणे, हा ज्येष्ठांच्या प्रवासातील सर्वांत वारंवार घडणारा अपघात. पोहोचल्याबरोबर पलंगापासून स्नानगृहापर्यंतची वाट एकदा उजेडी चालून पाहा, वाटेतले सामान हलवा, विजेरी उशाशी ठेवा आणि स्नानगृहातील दिवा रात्रभर चालू ठेवा. अंथरुणातून उठताना मिनिटभर काठावर बसा, मग उभे राहा.

आणि पहाटेचा फेरफटका! गावी, शहरी जन्मभर जपलेली ही सवय जंगलाकाठच्या मुक्कामी मात्र सोडून द्यायची. चंद्रपूर जिल्ह्यात जंगलालगतच्या गावांतील माणसे वाघाच्या हल्ल्यांत दगावतात, हे कटू वास्तव आहे. तेथील रहिवाशांना नाइलाजाने मोहफुलांसाठी, सरपणासाठी रानात जावे लागते. तुम्हाला तसा नाइलाज नाही. अंधारात किंवा झुंजुमुंजू होताना निवासाच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकू नका. आवारातच फेऱ्या घाला.

एक कागद आणि एक जोडीदार

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. निघण्याच्या आठवडाभर आधी सर्व मित्रांनी एकत्र बसावे आणि प्रत्येकाने एका कागदावर पुढील गोष्टी लिहाव्यात. नाव, वय, रक्तगट, सर्व आजार, झालेल्या शस्त्रक्रिया, सध्याची औषधे त्यांच्या मात्रांसह, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, घरच्या दोन माणसांचे आणि डॉक्टरांचे दूरध्वनी क्रमांक. या कागदाच्या दोन प्रती कराव्यात. एक स्वतःच्या खिशात, दुसरी जोडीदाराकडे.

हा जोडीदार म्हणजे सहलीपुरता ठरवलेला एक मित्र. त्याने तुमचा कागद वाचलेला असावा, तुमची ग्लुकोजची पूड आणि जिभेखालची गोळी कोणत्या खिशात आहे हे त्याला ठाऊक असावे, आणि रोज सकाळ-संध्याकाळ 'औषध घेतलेस का?' एवढे त्याने विचारावे. हृदयरुग्णाच्या छातीत दुखू लागले तर त्याला खाली बसवून मगच जिभेखाली सॉर्बिट्रेटची गोळी द्यावी, कारण तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरील औषध गेल्या दोन दिवसांत घेतले असेल तर ती मुळीच देऊ नये. हे सांगायला संकोच वाटतो, पण ते लपवणे जिवावर बेतू शकते. दुखणे पाच-दहा मिनिटांत थांबले नाही तर वाघ समोर असला तरी गाइडला गाडी वळवण्यास सांगा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते आणि चंद्रपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जंगलात मोबाइलचा भरवसा धरू नये, तेव्हा निवासस्थानी पोहोचताच जवळचे रुग्णालय आणि तेथे जाण्याचे वाहन यांची चौकशी करून ठेवा.

मित्राने मित्राला सर्व काही द्यावे, स्वतःची गोळी मात्र देऊ नये. तुमच्या गुडघ्याला मानवणारी वेदनाशामक गोळी शेजाऱ्याच्या अशक्त मूत्रपिंडाला मारक ठरू शकते. रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्याला तिने जठरात रक्तस्राव होऊ शकतो. औषधे नेहमी चार दिवसांची जास्त घ्या आणि ती हातातल्या पिशवीत ठेवा. लांबच्या रेल्वे प्रवासात दर दोन तासांनी डब्यात थोडे चाला, बसल्या जागी घोटे हलवत राहा, म्हणजे पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो.

काळजीवाहकांसाठी

हे वाचणाऱ्यांत अनेक जण असे असतील की ज्यांना मैत्रिणी 'चल' म्हणतात आणि ज्या 'यांना सोडून कशी येऊ?' असे म्हणून फोन ठेवतात. अंथरुणाला खिळलेल्या पतीची, स्मृती गमावलेल्या सासूची सेवा वर्षानुवर्षे करणारी व्यक्ती स्वतः आजारी पडते, हे मी दवाखान्यात सतत पाहतो. तिचा रक्तदाब वाढलेला असतो, झोप उडालेली असते आणि चार दिवस बाहेर जाण्याच्या कल्पनेनेच तिला अपराधी वाटते. मी तिला सांगतो, ही सहल म्हणजे तुमचे औषध आहे. मागे राहणाऱ्यांसाठी दिवसभराचा क्रम कागदावर लिहून ठेवा. जेवण, औषधे, कूस बदलण्याच्या वेळा, आवडते गाणे, चिडचिड झाली तर काय करावे. बदली माणसाला दोन दिवस आधी बोलावून तुमच्या देखत सारे करवून घ्या. मुलांना, दिरांना, भावंडांना हे चार दिवस वाटून द्या. हे मागणे उपकार म्हणून मागू नका. तो त्यांच्या वाट्याचा भाग आहे.

स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या व्यक्तीला सोबत न्यायचे असेल तर ते अशक्य नाही. परक्या जागी संध्याकाळनंतर अशा व्यक्तींचा गोंधळ वाढतो, म्हणून मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा, खोली बदलू नका, एखादीच छोटी फेरी करा आणि खिशात नाव व दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा. जिप्सीतून मधेच उतरण्याचा हट्ट करण्याची शक्यता असेल, तर त्यांना सफारीला न नेता कोणीतरी त्यांच्यासोबत निवासावर थांबावे. हे थांबणे मित्रांनी आळीपाळीने वाटून घ्यावे. ते दर वेळी पत्नीच्या वाट्याला येऊ नये.

परतल्यावर

घरी आल्यावर दोन दिवस विश्रांतीचे ठेवा आणि बदललेल्या औषधांच्या वेळा पूर्ववत करा. पुढील महिनाभरात ताप आला तर डॉक्टरांना 'मी जंगलात जाऊन आलो' हे पहिल्याच वाक्यात सांगा. पूर्व विदर्भाच्या वनपट्ट्यात हिवताप आढळतो, आणि झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणारा स्क्रब टायफस विशेषतः पावसाळ्यात व त्यानंतरच्या महिन्यांत दिसतो. त्याची लक्षणे चाव्यानंतर सहा ते एकवीस दिवसांत सुरू होतात आणि काखेत, जांघेत किंवा कमरपट्ट्याखाली सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली कधी कधी आढळते. वेळीच ओळखल्यास दोन्ही आजारांवर प्रभावी औषधे आहेत.

वाघ दिसेल किंवा न दिसेल. पण आपापल्या आजारांचे कागद एकमेकांसमोर उघडून बसलेली ती संध्याकाळ वाया जाणार नाही. ज्या मित्राला तुमची गोळी कोणत्या खिशात आहे हे ठाऊक झाले, तो सहल संपल्यावरही अधूनमधून फोन करून 'औषध घेतलेस का?' असे विचारत राहतो. मुले परगावी असलेल्या घरांत या एका फोनचे मोल फार मोठे असते. तेव्हा गाड्यांचे आणि सफारीचे आरक्षण करण्याआधी मित्रांना घरी बोलवा आणि पहिला कागद तुमचा वाचून दाखवा.